गुलमर्गला स्की, श्रीनगरला खादाडी: पाच दिवसांच्या ट्रिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर आणि नातेवाइकांत तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकतोय. रजा जेमतेम चार-पाच दिवसांची आहे, स्की शिकायचंय किंवा थोडंफार येतंय, आणि जेवणाच्या बाबतीत "मिळेल ते खाऊ" हा स्वभाव नाही, अशा मंडळींसाठी हे आहे.

गुलमर्गच का? औली, सोलंग किंवा सरळ युरोप का नाही?

युरोप म्हणजे शेंगेन व्हिसा, विमानाचं तिकीट, तिकडचा लिफ्ट पास, इन्स्ट्रक्टरची फी, आणि एवढं सगळं पाच दिवसांसाठी जिवावर येतं हो. सोलंगला बर्फात खेळायला मजा आहे पण उतार छोटा आणि गर्दी मरणाची. औली देखणी जागा आहे, समोर नंदादेवी, पण जोशीमठ गाठण्यातच एक अख्खा दिवस जातो, आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून वर जाणारा मोठा रोपवेही बंद करावा लागला. गुलमर्गचं गणित सोपंय. सकाळचं मुंबई-श्रीनगर विमान पकडलंत तर संध्याकाळी बर्फात उभे असता, आणि खाली पन्नासेक किलोमीटरवर श्रीनगर, जिथे थंडीत खास थंडीचं खाणं शिजतं. नुसतं स्कीच करायचं असतं तर यावर वाद घालता आला असता, पण स्की अधिक जेवण म्हटलं की मला तरी देशात दुसरं नाव सुचत नाही.

एवढ्या दिवसांत बसवायचं कसं? आधी श्रीनगर की आधी गुलमर्ग?

आधी गुलमर्ग. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. बहुतेक जण श्रीनगरला उतरतात, हाउसबोट, शिकारा, बागा, मग एक दिवस गुलमर्ग "करून" येतात. म्हणजे दहा-अकराला पोचायचं, भाड्याचे गमबूट आणि कुणीतरी आधी घातलेला ओलसर कोट चढवायचा, गंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत उभं राहायचं, वर फोटो काढायचे आणि चारला परत. त्यात स्की होत नाही, पायाला पट्ट्या बांधून घसरगुंडी होते.

माझं म्हणणं असं की विमानतळावरून थेट वर जा, तीन रात्री गुलमर्गला काढा. दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण स्की, चौथ्या दिवशी सकाळी दोन-तीन तास आणि जेवायच्या आत खाली निघा. चौथी रात्र श्रीनगर, पाचव्या दिवशी पहाटे हरिसा (त्याचं खाली सांगतो), दुपारनंतरचं विमान. सहावा दिवस काढता आला तर तो श्रीनगरलाच द्या. असा क्रम लावण्याची कारणं दोन. तीन दिवस स्की केल्यावर मांड्या इतक्या भरून येतात की चौथ्या दिवशी जिने उतरतानासुद्धा भिंत धरावी लागते, तेव्हा बसून खाणं हाच योग्य कार्यक्रम. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, जोराचा बर्फ पडला की तंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा १३ किलोमीटरचा घाट अडतो. शेवटची रात्र वर काढलीत आणि रात्रीत दोन फूट पडला तर विमान गेलंच म्हणून समजा. श्रीनगरचा मुक्काम शेवटी असला की तो अडचणीच्या वेळी कामी येतो.

बर्फाची खात्री कधी असते?

शंभर टक्के खात्री कधीच नाही, हे आधी मान्य करा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, सगळ्यात कडाक्याचे, त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवस चिल्लई बच्चा. जुन्या हिशेबाने चिल्लई कलानमध्येच भरपूर बर्फ पडायचा. पण जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, पिवळ्या गवताचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, बर्फ आला तो महिनाअखेरीला. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा भाग बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यामुळे ख्रिसमसच्या गर्दीत दुप्पट भाडं भरून जाण्यापेक्षा फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा मला बरा वाटतो. वर चांगला जाड थर बसलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो, आणि हरिसाची दुकानं अजून चालू असतात. मार्चमध्ये गेलात तर ऊन छान, पण दुपारनंतर खालचा बर्फ लगदा होतो.

मला स्की अजिबात येत नाही. तीन दिवसांत काय येईल?

थांबता येईल, वळता येईल आणि सोप्या उतारावरून न पडता खाली येता येईल. एवढं पुरे आहे, खरंच. शिकायचं गुलमर्गच्या मधल्या मैदानावर, उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. उतार अगदी सौम्य, बाजूला छोट्या ड्रॅग लिफ्ट आहेत, म्हणजे दोरीला लटकवलेला दांडा मांड्यांमागे घ्यायचा आणि तो तुम्हाला ओढत वर नेतो. त्याच्यावर बसायचं नाही! टेकून उभं राहायचं. पहिल्या दिवशी सगळे बसतात आणि सगळे पडतात.

इन्स्ट्रक्टर नक्की घ्या, यूट्यूबवर शिकून जाऊ नका. इथली पोरं लहानपणापासून स्कीवर असतात, हिंदी छान बोलतात. फक्त बूट चढवण्याआधी रेट ठरवा: दिवसाचा किती, किती तास, एकट्याचा का दोघांचा, सामानाचं भाडं त्यात धरलंय का वेगळं. टॅक्सीतून उतरल्या उतरल्या जो तुमच्या बॅगेला हात घालतो त्याला नम्रपणे नको म्हणा, हॉटेलवाल्याला किंवा सामानाच्या दुकानात विचारून माणूस ठरवा. ज्यांना नीट पद्धतशीर शिकायचंय आणि रजा जास्त आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची संस्था आहे, आयआयएसएम, तिचे कोर्स ठरलेल्या तारखांना असतात आणि आधीच नाव नोंदवावं लागतं.

आता बुटांबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्वद टक्के रडारड इथूनच सुरू होते. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचा साचा, तो सैल असला की आराम वाटतो आणि तिथेच लोक फसतात. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सुटली पाहिजेत, टाच अजिबात वर उचलली जाता कामा नये. आत एकच मोजा, लांब, पोटरीपर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन मोजे घातले की रक्तच अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पँट बुटाच्या आत खुपसायची नाही, तिची घडी नडगीवर दाबली जाते आणि संध्याकाळी तिथे काळंनिळं होतं. दुकानदार घाई करेल. करू दे. बूट घालून पाच मिनिटं दुकानात चालून बघा, मगच पैसे द्या.

गंडोलाचं फेज वन, फेज टू म्हणजे काय? दोन्ही घ्यायचं का?

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. फेज वन तिथून कोंगडोरीला, म्हणजे मधल्या थांब्याला, नेतं, आणि फेज टू पुढे अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत. फेज वन १९९८ साली सुरू झालं, फेज टू २००५ मध्ये. शिकाऊ माणसाने स्की घेऊन फेज टूला जायचं नाही, फिरायला म्हणून जा हवं तर. वरून खाली येणारा उतार तीव्र आहे, युरोपातल्यासारखे रोज मशीनने दाबून सपाट केलेले रस्ते इथे फारसे नाहीत, आणि वारा सुटला की ढग खाली उतरून हाताची बोटं दिसेनाशी होतात. कोंगडोरीहून खाली गुलमर्गला झाडांमधून उतरणारी वाट मात्र तिसऱ्या दिवशी, इन्स्ट्रक्टर हो म्हणाला तर, करून बघण्यासारखी आहे.

तिकिटं ऑनलाइन, सरकारी केबल कार कॉर्पोरेशनच्या साइटवरून, आणि गर्दीच्या दिवसांत ती फार लवकर संपतात. तिकडे गेल्यावर "मी मिळवून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. स्की करणाऱ्यांचा पास वेगळा असतो, रोज वर-खाली करायचं असेल तर त्याची चौकशी करा. आणि फेज टू कधीही बंद होऊ शकतं, वारा, बर्फ, हिमस्खलन-सुरक्षेचं काम, काहीही. ज्या दिवशी उघडं त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका.

मला स्की येतं. पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, कुठे मिळेल?

भाग्यवान आहात. फेज टूवरून गुलमर्गच्या तळापर्यंत तेराशे मीटरची उतरण, आणि बर्फ चांगला असला तर जंगलातून पुढे तंगमर्ग, बाबा रेशीच्या दर्ग्याच्या बाजूपर्यंत उतरून टॅक्सीने परत वर, ही मजा जगातही फार कमी ठिकाणी एवढ्या स्वस्तात मिळते. रशियन, युरोपियन लोक आठवडेच्या आठवडे उगाच येऊन राहत नाहीत.

पण इथे हिमस्खलनात माणसं गेलीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर्स, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. गंडोलाजवळचा ठराविक भागच स्की पेट्रोलच्या (बर्फावरच्या गस्ती पथकाच्या) देखरेखीखाली असतो, त्या हद्दीच्या दोरीच्या पलीकडे गेलात की तुमचं तुम्ही. ताजा बर्फ पडल्यावर पहिल्याच उन्हात सगळ्यांना वर पळायचं असतं आणि नेमका तोच वेळ सगळ्यात धोक्याचा. लोकल गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), आणि सकाळी गस्ती पथकाचं बुलेटिन, यातलं एक जरी नसेल तर दोरीच्या आतच राहा. बीकन नुसता अंगावर असून भागत नाही, वापरताही आला पाहिजे आणि सोबत्याकडेही असला पाहिजे.

इन्शुरन्सचं पण बघा. देशांतर्गत ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा साहसी खेळ वगळलेले असतात, बारीक अक्षरं वाचा. हाड मोडलं तर शेवटी श्रीनगरलाच यावं लागतं, तिथे बारझुल्लाला हाडांचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे.

कपडे काय न्यायचे?

वॉटरप्रूफ पँट आणि जॅकेट, आत थर्मल, वॉटरप्रूफ हातमोजे (लोकरीचे नकोत, दहा मिनिटांत चिंब), गॉगल, सनस्क्रीन. जीन्स नको. हेल्मेट भाड्याने मागून घ्या, स्वतःहून देतीलच असं नाही.

गुलमर्गमध्ये जेवण कसं असतं?

खरं सांगू? ठीकठाक. मोठ्या हॉटेलांत बुफे, तोच पनीर, तीच पिवळी डाळ, कोपऱ्यात नूडल्स. मार्केटच्या बाजूला पंजाबी ढाबे आहेत, गरम पराठा आणि राजमा-चावल, थंडीत तेही अमृत लागतं. कोंगडोरीला मॅगी, राजमा, कहवा (तिकडचा मसाल्याचा, बिनदुधाचा चहा), भाव वरच्या उंचीला शोभेल असे.

पण एक युक्ती आहे. हॉटेलात आचारी आणि वेटर स्वतः रात्री काय जेवतात ते विचारा. हाख म्हणजे तिकडची कोलार्डसारखी पालेभाजी, मोहरीच्या तेलात नुसती मिरची घालून शिजवलेली, बरोबर भात आणि तो पातळ हिरवा रस्सा. दुपारी सांगून ठेवलंत तर रात्री तुमच्यासाठीही करतात, लहान हॉटेलांत तर आनंदाने करतात. थंडीच्या दिवसांत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्याही असतात, वाळलेली वांगी, वाळलेला दुधी, त्याला होख स्युन म्हणतात. आपल्या कोकणातल्या घरी पावसाळ्याची बेगमी करतात तोच प्रकार, फक्त इकडे पावसाऐवजी बर्फ. हे बुफेत कधीच येत नाही, मागावं लागतं.

दुपारचं जेवण हलकं ठेवा. पोटभर राजमा खाऊन परत बूट आवळले की काय होतं ते ज्याचं त्याला कळतं.

हरिसा म्हणजे नक्की काय, आणि त्यासाठी पहाटे का उठायचं?

कारण नऊ-दहापर्यंत संपतो. हरिसा फक्त थंडीत मिळतो, आणि श्रीनगरच्या जुन्या शहरात, आली कदलच्या आसपास, पिढ्यानपिढ्या हेच करणारी दुकानं आहेत. दुकान म्हणजे उंच ओटा, ओट्यात पुरलेला मातीचा मोठा घडा, खाली लाकडाचा विस्तव. आदल्या दिवशी त्यात मटण, थोडा तांदूळ, बडीशेप, दालचिनी, वेलदोडा घालून रात्रभर शिजवतात, हाडं काढतात, आणि लांब लाकडी दांड्याने घोटत राहतात, मटणाचे तंतू निघून सगळं एकजीव चिकट होईपर्यंत. मग वजनावर तोलून ताटलीत, वर छोटा कबाब, आणि शेवटी कडकडीत तापवलेलं तेल ओततात, ते चर्र करून बुडबुडतं आणि बडीशेपेचा वास उठतो. सोबत गिरदा, तंदुरातली गोल रोटी, वरून बोटांच्या रेघा उमटलेली. चमचा नाही, रोटीने ओढून खायचं.

पहिल्यांदा खाणाऱ्यांनी दोघांत एकच प्लेट घ्या. जड आहे, फार जड. त्यानंतर दुपारपर्यंत भूक लागत नाही, म्हणून परतीच्या दिवशी उत्तम.

वाझवान खायचंच आहे, पण आम्ही दोघंच आहोत.

वाझवान मुळात लग्नाचं जेवण. तांब्याच्या मोठ्या थाळीत, त्रामीत, चौघं मिळून जेवतात, वाझा म्हणजे आचारी एकेक पदार्थ आणून वाढत जातो, आणि गुश्ताबा आला की समजायचं जेवण संपत आलं. कुणी काश्मिरी मित्राने लग्नाला बोलावलं तर डोळे मिटून हो म्हणा. नाहीतर रेसिडेन्सी रोडवर अहदूज आहे, १९१८ पासूनचं, तिथे किंवा तशा जुन्या हॉटेलांत पदार्थ सुटे मिळतात. दोघांसाठी तबक माझ (बरगडीचं मटण, आधी शिजवून मग तुपात खरपूस), रिस्ता आणि शेवटी गुश्ताबा, साध्या भाताबरोबर. रिस्ता आणि गुश्ताबा दोन्ही मटणाचे गोळे, दगडावर लाकडी हातोड्याने कुटून कुटून केलेले, रिस्त्याचा रस्सा लाल आणि गुश्ताब्याचा दह्यातला पांढरा. लाल रंग बघून घाबरू नका, कोल्हापूरकरांना तर तो अळणीच वाटेल. सगळं मागवायच्या भानगडीत पडू नका, चौथ्या पदार्थानंतर चव कळेनाशी होते.

आम्ही शुद्ध शाकाहारी. मग आम्ही ठेपले घेऊन जायचं का?

चिवडा न्या विमानासाठी, बाकी गरज नाही. काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, हिंग, सुंठ, बडीशेप यावर सगळा खेळ, आणि त्यातले शाकाहारी पदार्थ सुरेख आहेत: नदरू यखनी म्हणजे कमळकाकडी दह्यात, दम ओलुव म्हणजे टोचून तळलेले बटाटे (पंजाबी दम आलूशी काही संबंध नाही), पिवळ्या रश्श्यातला चामन म्हणजे पनीर, राजमा आणि सलगम एकत्र. अडचण एवढीच की हे सगळं प्रत्येक हॉटेलात मिळत नाही, "व्हेज काश्मिरी काय आहे" असं नावानिशी विचारावं लागतं. डलगेटजवळ दुर्गानागला कृष्णा ढाबा प्रसिद्ध आहे, तिथे साधं उत्तर हिंदुस्थानी जेवण स्वच्छ मिळतं, जेवायच्या वेळी गर्दी असते. यखनी मागवताना मात्र मटणाच्या रश्श्यातली नाही ना हे विचारून घ्या.

एक मोकळी संध्याकाळ आहे श्रीनगरला, काय खाऊ?

खय्याम चौक. संध्याकाळी कोळशावर तुज, म्हणजे सळईवरचं मटण, सोबत लवासा (पातळ रोटी) आणि वाट्या-वाट्यांतून चटण्या. शाकाहारी असाल तर हजरतबलच्या बाजूला जा, नदरूची भजी, भल्यामोठ्या पराठ्याबरोबर हलवा, आणि मसाला चोट, लवाशात वाटाण्याचा लगदा आणि मुळ्याची चटणी गुंडाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही कांदरकडे, म्हणजे बेकरकडे, तिळाचा च्चोचवोर घ्या आणि नून चाय. ती गुलाबी आणि खारट असते, गोड समजून प्यायलात तर तोंड वाकडं होणार, दुसऱ्या कपाला आवडते. पर्यटकांना सगळीकडे कहवाच देतात, घराघरांत दिवसभर चालते ती ही.

आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर?

मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, काळजी नको. आई-बाबांना फेज वनपर्यंत न्या, कोंगडोरीला बसून ऊन खाऊ दे. फेज टूची उंची हृदयाचा, दम्याचा त्रास असलेल्यांसाठी नाही. खोली बुक करताना हीटिंग कसलं आहे ते नक्की विचारा, वीज गेली तर काय करता तेही विचारा. बुखारी (खोली गरम करायची लाकडाची शेगडी) असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा.

पैसे, फोन वगैरे?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड चालतं. ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड असू दे. यूपीआय सगळीकडे आहे पण नेटवर्क गेलं की गेलंच, रोकड जवळ ठेवा. तंगमर्गला बर्फ असेल तर तुमची गाडी थांबवून चेन लावलेल्या लोकल गाडीत बसवतात, त्याचे वेगळे पैसे लागतात, यावर भांडण्यात अर्थ नाही.

सेफ आहे का?

एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात आपल्या डोंबिवलीची, पनवेलची, पुण्याची माणसं गेली, त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी हसू नये. मी कुणाला आग्रह करत नाही. त्यानंतर काही जागा बंद केल्या होत्या, पुढे टप्प्याटप्प्याने उघडल्या. निघायच्या आठवड्यात सरकारी सूचना वाचा, रद्द करता येईल असंच बुकिंग करा, आणि घरातल्या सगळ्यांचा होकार असेल तरच जा.

विमान रद्द झालं तर?

थंडीत होतं, धुकं किंवा बर्फ. आता कटरा-श्रीनगर वंदे भारत आहे, जून २०२५ पासून, चिनाबच्या पुलावरून जाते, तीनेक तासांत कटरा आणि तिथून जम्मूला येऊन पुढचं विमान किंवा रेल्वे. जम्मूचा हायवे बर्फात आणि दरडींनी वरचेवर बंद पडतो, त्याच्या भरवशावर राहू नका. श्रीनगर विमानतळावर तपासण्या बऱ्याच असतात, गेटबाहेरच सामान उतरवून पहिली होते, तीन तास आधी पोचा.

येताना काय आणू?

पांपोरचं केशर (जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा शिक्का बघून, रस्त्यावर पोरं विकतात ते नको), अक्रोड, वाळवलेली वांगी, आणि वेर. वेर म्हणजे मिरची, मसाले आणि मोहरीचं तेल मळून केलेली वाळलेली चकती, मधे भोक असलेली. चिमूटभर चुरली की साध्या राजम्याचं रूप बदलतं. पंडितांच्या पद्धतीची हिंगाची आणि दुसरी लसणाची मिळते, घरी काय चालतं ते बघून घ्या. आणि दोन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर थर्मल पुढच्या हिवाळ्यापर्यंत मसाल्याच्या वासाचे राहतात.